डिस्कचा घ्यावा की बिनडिस्कचा?

टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल घ्यायचं ठरलंय आणि डिस्क ड्राइव्हवाला घ्यावा की स्वस्तातला डिजिटल, म्हणजे गेम नेटवरूनच घ्यायचा, एवढ्यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार असतील तर चित्र सारखंच दिसतं, कंट्रोलर तोच, गेमही तेच, त्यामुळं त्यावर बोलत नाही. मी आधी डिजिटल वापरला, मग डिस्कवाला घेतला. माझा कोणत्या कंपनीचा होता ते मुद्दाम सांगत नाही, कारण जे झालं त्यात अर्धी चूक माझीच होती.

झालं असं. मी परभणीत, थोरला भाऊ संभाजीनगरला. दोघांकडंही एकाच कंपनीचे कन्सोल. पुतण्याला माझे गेम खेळता यावेत म्हणून माझं खातं त्याच्या कन्सोलवर 'मुख्य' करून दिलं. माझ्याकडं नेट चालू असलं की माझेही गेम उघडायचे. पाच हजारांच्या आसपासचा गेम दोन घरांत चालतोय म्हटल्यावर कोण सोडतंय!

दिवाळीला कन्सोल गाडीत टाकला आणि गावाकडं नेला. आमचं गाव मानवतच्या पुढं. मोबाइलला रेंज पाहिजे असेल तर गच्चीवर जायचं, नाहीतर मारुतीच्या पारावर. टीव्हीला जोडला, गल्लीतली पोरं जमली, आणि बघतो तर प्रत्येक गेमच्या चित्रावर एक बारीक कुलूप. 'मुख्य' कन्सोल पुतण्याचा, त्यामुळं माझ्या कन्सोलला लायसन्स नेटवरून तपासावं लागायचं, आणि इथं ते तपासता येत नाही म्हणे. मी हॉटस्पॉट लावलेला फोन वर धरून जिन्यात उभा, खालून पोरगं ओरडतंय, "काका, आलं का?" एकदाचा गेम उघडला, तर लाईट गेली. लाईट आली आणि परत कुलूप.

शेवटी चुलतभावाच्या पोरानं त्याचा जुना कन्सोल काढला. मामानं वापरून दिलेला, वरून धूळ बसलेली. त्यानं क्रिकेटची डिस्क शर्टाला पुसली, आत सरकवली, आणि दहा मिनिटांत टॉस झाला. डिस्कवर ओरखडे होते, पण तिनं कुणाला काही विचारलं नाही.

परतल्यावर माझ्या गेमच्या अटी उघडल्या. वाचल्या म्हणजे चाळल्या. आपण 'विकत घ्या' दाबतो, पण हाती येतो तो वापरायचा परवाना. रान आपण कसायचं आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, तसं. बटईदाराला निदान माल तरी वाटून मिळतो. यात लपवाछपवीही फारशी राहिली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कायदाच केला, १ जानेवारी २०२५पासून लागू: परवानाच देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, नुसतं 'विकत घ्या' म्हणू नका. त्याच्या थोडं आधीपासून स्टीम या कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातही पैसे भरताना तशी एक ओळ दिसायला लागली. स्टीमचं खातं दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही. म्हणजे वारसनोंदीचा प्रश्नच मिटला.

डिस्क म्हणजे पक्की मालकी, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा २०१४चा गेम. कंपनीनं ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले. तो एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागायचा, त्यामुळं ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांच्याकडं नुसती चकती उरली. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स', म्हणजे विकलेले गेम असे बंद पाडू नका, ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर २०२५च्या जुलैत सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलसाठी तर डिस्कऐवजी कार्ड लागतं, त्यात काही गेमची कार्डं अशी येतात, की कार्डात गेमच नसतो, फक्त चावी. गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. पण ती चावीसुद्धा शेजाऱ्याला देता येते, विकता येते. डिजिटलमध्ये तेवढंही नाही.

आणि माझ्यासाठी काटा तिथंच झुकतो. मागच्या वर्षी एक गेम घेतला, दोन महिन्यांत संपवला, मग तीच डिस्क मित्राला दिली. त्यानं खेळून झाल्यावर संभाजीनगरच्या एका दुकानात देऊन दुसरी आणली, आता ती माझ्याकडं आहे. हिशेब कुणी लिहून ठेवला नाही, पण खिशाला कळतं. उसनं द्यायचं, परत मागायचं, न मिळाल्यास चार दिवस रुसायचं, हे सगळं डिस्कमध्ये अजून आहे.

डिजिटलच्या बाजूनंही बोलायला हवं. सेल लागला की जुने गेम डिस्कपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतात. परभणीत मला तरी पाहिजे ती डिस्क कधी दुकानात मिळाली नाही, मागवावी लागते. घरात लहान मूल असेल तर डिस्कचं आयुष्य त्याच्या हातात. तुम्ही मित्रांसोबत ऑनलाइनच खेळणार असाल, घरी फायबर असेल आणि कन्सोल कधी हलणार नसेल, तर डिजिटल घ्या, मी अडवणार नाही.

कम्प्युटरवर खेळणाऱ्यांना डिस्कचा रस्ता जवळपास उरलेलाच नाही. तिथं मी शक्यतो जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतो. कागदोपत्री तोही परवानाच, पण गेमची इन्स्टॉल फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येते आणि नंतर नेटशिवाय चालते. निवड स्टीमइतकी मोठी नाही, नवे गेम कधी कधी उशिरा येतात किंवा येतच नाहीत. स्टीमचं एक मात्र चांगलं: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

आपल्याकडं कायद्याचा आधार किती? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तू आल्यात. रास्त कारण नसताना एकतर्फी करार मोडायची मुभा देणारी अट 'अनुचित करार' ठरू शकते, हेही त्यात आहे. फक्त अनुचित करारासाठी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात नाही, थेट राज्य आयोगाकडं जावं लागतं. एका गेमपायी कोण जातंय? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार नोंदवणं तेवढं सोपं आहे.

मध्येच मन बदलणाऱ्यांनी एक बघावं. काही डिजिटल कन्सोलना ड्राइव्ह कधीच जोडता येत नाही, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सीरिज एस त्यातलाच. सोनीच्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) स्लिम डिजिटलला मागाहून वेगळा घेऊन लावता येतो. तसं करणार असाल तर गावाकडं न्यायच्या आधी घरीच जोडून घ्या. पहिल्यांदा जोडताना त्यालाही नेट लागतं.