जुनी लाकडी शिडाची बोट: फळ्या-फटी दुरुस्त करायच्या की फायबर चढवायचं?

तीसेक फुटांची, फळीला फळी भिडवून बांधलेली सागवानी बोट हाती आली की पहिला सल्ला ठरलेला: "वरून फायबर मारून टाका, कटकट मिटेल." या बांधणीत ती मिटत नाही. फळ्या पाण्यात फुगतात, बोट वर काढली की आकसतात, आणि फटीत ठोकलेला कापूस ही हालचाल सांभाळून घेतो. वर पातळ फायबर बसलं की लाकूड हलतं, कवच हलत नाही. सांध्यावर चीर जाते, पाणी आत शिरतं आणि तिथेच मुरतं.

फायबरची बाजू अगदीच लंगडी नाही. आपल्याकडच्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, त्याला फायबर रोखतं. लाकूड सुरुवातीपासूनच इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बंद असेल तर प्रश्नच नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' अशीच, आत लाकूड, वर फायबर. तिच्यातूनच नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. पण ती नवी बांधणी होती, जुन्या बोटीवर चढवलेला अंगरखा नव्हे.

फळ्या-फटींचं काम जाणणारा मिस्त्री शोधण्यातच निम्मा जीव जातो, हे खरं. तरी माझं मत त्याच बाजूला. मुंबईत बांधलेली 32 फुटी सागवानी 'सुहैली' घेऊन ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1968 मध्ये एकट्यानं जगप्रदक्षिणेला निघाले. अटलांटिकमध्ये बोट कीलजवळ (तळाच्या कण्याजवळ) गळू लागली, तेव्हा त्यांनी बुडी मारून फटीत कापूस भरला, वरून तांब्याची पट्टी ठोकली आणि पुढे 1969 मध्ये न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. दुरुस्ती हातानं आणि हाताशी असलेल्या सामानानं होते, हा या बांधणीचा खरा फायदा.

सौदा करण्याआधी दोन-चार खिळे उपटून बघा. लोखंडी असतील तर डोकं शाबूत आणि मधला भाग सुईइतका झिजलेला, भोवतीचं लाकूड काळं, असं सापडू शकतं. मग सगळे खिळे बदलायचा खर्च धरूनच भाव करा. डेकवरून झिरपणारं पावसाचं पाणीही तपासा. कुजवायला ते खाऱ्यापेक्षा वाईट.

इंजिनाचा हिशोब सोपा. एक लिटर डिझेल जाळलं की पंख्यापर्यंत साधारण तीन युनिट ऊर्जा पोचते. दहा युनिटांची लिथियम बॅटरी शंभरेक किलोची, म्हणजे तीन-चार लिटर डिझेलची बरोबरी. बंदरातून बाहेर पडणं आणि धक्क्याला लागणं एवढंच काम असेल तर इलेक्ट्रिक मोटर झकास: ना धूर, ना वास. वारा पडल्यावर तासन्‌तास किनाऱ्यानं जायचं असेल तर डिझेल.

दिवे-पंपांसाठी, शनिवार-रविवार फिरणाऱ्याला लेड-ॲसिड बॅटरी पुरे, फक्त तिचा निम्माच चार्ज वापरायचा. मुक्कामी जाणाऱ्यानं लिथियम घ्यावी. पण ती इंजिनाच्या अल्टरनेटरला (इंजिनावर वीज तयार करणाऱ्या यंत्राला) थेट जोडली तर तो तापून जळू शकतो, मध्ये वेगळा चार्जर हवाच.

आणि वायरिंगवाला "पाण्याखालचे सगळे धातू एका तारेत जोडून भरपूर जस्त लावू" म्हणाला (जस्त स्वतः झिजून बाकीचे धातू वाचवतं) तर थांबवा. फायबरच्या बोटीत ते खपतं. लाकडात जस्त जास्त झालं की बोटीच्या तळातल्या ब्राँझच्या व्हॉल्वभोवती अल्कली (लाकूड खाणारा क्षार) साचतो, पांढरी पूड दिसू लागते आणि तिथलं लाकूड नखानं खरवडता येईल इतकं मऊ पडतं. लांब लांब असलेले व्हॉल्व सुटेच ठेवायला सांगा.