सिझनचा कंटेंट: अख्खा पॅक घ्यावा की वरचा थर चढवावा?

नेमबाजीची राईड (गाडीत बसून पडद्यावरच्या निशाण्यांवर बंदुकीने नेम धरायचा) ज्यांच्याकडे आहे, त्यांना सण जवळ आला की हा प्रश्न पडतोच. राईडवाल्या कंपनीचा अख्खा सिझन-पॅक भाड्याने घ्यायचा, की वरचा थर चढवायचा, म्हणजे मूळ गेम तसाच ठेवून चित्रं आणि आवाज तेवढे बदलायचे? नाशिकजवळच्या आमच्या छोट्या पार्कात दोन्ही करून झालंय.

दिसायला पॅकच सरस, ते आधीच कबूल करतो. नवी गोष्ट, नवं संगीत, सगळं नवं. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या पार्कने २०१५ साली सुरू केलेली समुद्राखालची नेमबाजी काढून २०२१ मध्ये त्याच जागी अस्वलांचा खेळ आणला. पण तो बदल वर्षानुवर्षांसाठी होता. आम्हाला पंधरा दिवसांत जुना गेम परत हवा असतो. डिस्नेलँडची भुताची हवेली २००१ पासून दरवर्षी नाताळासाठी सजते, तीही खरोखरच्या सामानाने, आणि त्यासाठी राईड काही दिवस बंद ठेवतात. त्यांना परवडतं.

माझं घोडं अडलं ते पॅक उतरवताना. पॅक स्वतःचं कॅलिब्रेशन (बंदुकीचा नेम पडद्याशी जुळवून ठेवलेला असतो ते) घेऊन येतो आणि जाताना आमचं जुनं पुसून जातो. नाताळचा पॅक काढला त्या रात्री ऑपरेटर आणि मी एकेका गाडीत बसून पडद्यावरच्या फुल्यांवर नेम धरत होतो. सहा गाड्या, प्रत्येकीत चार बंदुका, बंदुकीमागे नऊ फुल्या. दीड वाजला. शेवटी डोळ्यांपुढे फुल्याच नाचायला लागल्या. सकाळी पहिल्याच फेरीत ओझरहून आलेली एक मुलगी तिसऱ्या गाडीतून उतरली आणि म्हणाली, "काका, ही बंदूक डावरी आहे का?" नेम वीतभर डावीकडे जात होता.

थरात ही भानगड नाही. निशाण्यांची जागा आणि वेळ तीच राहते, बदलतं फक्त वरचं चित्र. बंदुकीला पत्ताच लागत नाही. रंगपंचमीला आम्ही मूळ गेममधल्या चेटकिणीच्या कढईची रहाड केली (पेशवेकाळापासूनचा, वर्षातून एकदाच उघडणारा तो रंगाचा हौद) आणि वटवाघळांच्या पिचकाऱ्या. तिथे मात्र फसलो. पसरलेल्या पंखांच्या जागी बारीक पिचकारी आली, त्यामुळे बाजूच्या रिकाम्या हवेत मारलं तरी गुण मिळायचे. पोरांना हे दहा मिनिटांत कळलं. मग पिचकारीभोवती रंगाचे फवारे काढून आकार भरला. थर चढवला तरी नेहमी येणारी पोरं मूळ गेम ओळखतात, हेही खरंच.

वर्षातून एकदाच बदल करायचा असेल आणि हाताशी बरा तंत्रज्ञ असेल, तर पॅक वाईट नाही. आमच्याकडे रंगपंचमी, मे महिना, नवरात्र, दिवाळी, नाताळ अशी रांगच असते. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरगावची गर्दी येईल, तेव्हा नुसता हिंदी आवाज चढवता आला तरी पुष्कळ झालं.

पॅकच घ्यायचा ठरला, तर जुना गेम लावल्यावर बंदुकांचं जुनं कॅलिब्रेशन परत येतं का, एवढं आधी विचारा. 'येतं की' असं तोंडी म्हणाले, तर त्यांच्यासमोर एकदा चढवून-उतरवून बघा. भर दुपारी, रात्री नको.