हायलक्सच्या 8 इंची डिफरन्शियलचा 4.88 क्राऊन-पिनियन सेट: दाते चोख, क्रश स्लीव्ह मात्र बाजूला ठेवा

28 इंचांच्या जागी 33 इंचांचे टायर चढवले की टोयोटा हायलक्सच्या डिफरन्शियलचा (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना देणाऱ्या गिअर पेटीचा) 4.10 चा मूळ रेशो, म्हणजे मोठ्या क्राऊन गिअरच्या एका फेऱ्याला लहान पिनियन गिअरचे फेरे, गाडीला पेलत नाही. चढावर क्लच घासत सुटावं लागतं, पाचवा गिअर नावापुरता उरतो आणि इंजिन सतत दबलेलं राहतं. हिशेब सोपा आहे. जुन्या रेशोला नव्या टायरच्या उंचीने गुणायचं आणि जुन्या उंचीने भागायचं. इथे उत्तर 4.83 येतं, म्हणजे 4.88 चा सेट. हायलक्समध्ये स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीवरून) चालतो, त्यामुळे टायर आणि रेशोचे फरक एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि काटा एखाद्या टक्क्यानेच चुकतो.

पुढच्या टायरवाढीचा विचार करून 5.29 घेण्याचा मोह अनेकांना होतो. 33 च्या टायरसाठी तो टाळावा. 4.10 मध्ये क्राऊनला 41 आणि पिनियनला 10 दाते असतात, 4.88 मध्ये 39 आणि 8, तर 5.29 मध्ये 37 आणि 7. क्राऊनचा व्यास तोच राहत असल्याने रेशो वाढला की पिनियनचं डोकं लहान होतं आणि एका वेळी कमी दाते भार उचलतात. गाडी भरवशाची करण्यासाठी गिअर बदलायचे असतील, तर गरजेपेक्षा जास्त रेशो घेणं म्हणजे त्याच भरवशाला कात्री लावणं आहे.

सेटबद्दल तक्रारीला जागा नाही. दात्यांचं फिनिशिंग एकसारखं आहे, कडांना बुरी नाही, आणि क्राऊन व पिनियनवर कोरलेला जोडीचा नंबर जुळतो. हे दोन्ही भाग एकत्र लॅप केलेले, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. नंबर वेगळे निघाले तर खोका तसाच परत करा, कारण ती जोडी कधीच शांत चालणार नाही. ऑर्डर देण्याआधी हाउसिंग नीट पाहून घ्या. चार सिलिंडरचं आणि व्ही-6/टर्बोचं थर्ड मेंबर (गिअरसकट अख्खा बाहेर निघणारा डिफरन्शियलचा मधला भाग) सारखंच दिसतं, पण दुसऱ्याला बाहेरून जास्त रिब असतात आणि साइड बेअरिंग मोठे असतात. दोन्हींचे पार्ट नंबर वेगळे आहेत.

सोबतच्या इन्स्टॉलेशन किटमध्ये पिनियनचे दोन आणि साइडचे दोन बेअरिंग कपांसह, ऑईल सील, पिनियन नट, क्राऊनचे बोल्ट, शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या), मार्किंग पेस्ट आणि क्रश स्लीव्ह येते. मधल्या जाडीच्या शिम कमी आहेत, त्या वेगळ्या घेऊन ठेवा.

या किटचा खरा दोष क्रश स्लीव्ह आहे. पिनियनच्या दोन बेअरिंगमधली ही पातळ नळी नट आवळताना चेपते आणि त्या चेपण्यावरच प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) ठरतो. डांबरी रस्त्यावर हे पुरतं. दगडात मात्र चाक हवेत फिरून अचानक पकड घेतं, तेव्हा तो झटका पिनियनला अक्षाच्या दिशेने ढकलतो आणि स्लीव्ह आणखी चेपते. प्रीलोड गेला की पिनियन पुढे-मागे हलू लागतं, दात्यांची बैठक सरकते आणि मग एक दात उडतो. दोष गिअरच्या माथी मारला जातो, मूळ मात्र त्या नळीत असतं. म्हणून तिच्या जागी सॉलिड स्पेसर (न चेपणारी भक्कम नळी) घ्या. त्याचा आणखी एक फायदा असा की नंतर ऑईल सील बदलताना नट पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आवळला की प्रीलोड तोच मिळतो.

सॉलिड स्पेसर बसवायला वेळ लागतो. आधी सील न लावता, स्पेसरसोबतची शिम मुद्दाम जाड ठेवून नट पूर्ण टॉर्कला आवळा. पिनियन सैल लागेल. मग 0.02 ते 0.05 मिमीने शिम कमी करत जा आणि प्रत्येक वेळी पूर्ण टॉर्क द्या. बेअरिंगला गिअर ऑईल लावून, क्राऊन बाहेर असतानाच, छोट्या टॉर्क पान्याने पिनियन फिरवून प्रीलोड मोजा. नव्या बेअरिंगला 1 ते 1.6 न्यूटन-मीटर, वापरलेल्याला त्याच्या निम्मं. सगळं जुळल्यावर सील ठोका. क्रश स्लीव्हच वापरायची असेल तर नट थोडा थोडा आवळा. मर्यादा ओलांडली तर नट सैल करून प्रीलोड कमी करू नका, त्या वेळी नवी स्लीव्हच लागते.

क्राऊन केसवर बोल्टने ओढून बसवू नका, तिरका बसतो. उकळत्या पाण्यात 100 अंशांपर्यंत तापवा, ओल उडू द्या, मग तो हाताने बसतो. बोल्ट नवेच वापरा, लाल थ्रेडलॉकर लावा आणि समोरासमोरचे आवळत 97 न्यूटन-मीटरपर्यंत जा. बेअरिंग कॅप काढण्यापूर्वी डावी-उजवी खूण करून ठेवा, त्यांची अदलाबदल चालत नाही. साइडचे अ‍ॅडजस्टर नट शून्य प्रीलोडपासून एक ते दीड खाच पुढे न्या. बॅकलॅश (दात्यांमधली मोकळी फट) 0.13 ते 0.18 मिमी ठेवा. सेटसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. डायल गेज लावून चार ठिकाणी मोजा. एकाच ठिकाणी मोजून समाधान मानलं तर वाकडा बसलेला क्राऊन लपून राहतो.

मग दात्यांचा छाप. तीन-चार दात्यांना पिवळी पेस्ट लावा, क्राऊनला फडक्याने अडवून भार द्या आणि दोन्ही दिशांना फिरवा. छाप दात्याच्या मुळाशी आला तर पिनियन जास्त आत आहे, डोक्यामागची शिम पातळ करा. माथ्याशी आला तर शिम वाढवा. या डिफरन्शियलमध्ये शिम पिनियनच्या डोक्यामागच्या बेअरिंगखाली असते, म्हणजे प्रत्येक बदलाला बेअरिंग ओढून काढावा लागतो. जुन्या बेअरिंगचं भोक थोडं घासून सैल केलेला एक ‘सेटअप’ बेअरिंग करून ठेवला तर हा त्रास वाचतो आणि नवा बेअरिंग शेवटी एकदाच प्रेसने बसतो. खोली बदलली की बॅकलॅशही बदलतो, तो पुन्हा जुळवूनच पुढचा छाप घ्या.

पुढचा अ‍ॅक्सल सॉलिड (अखंड) असेल तर तिथेही हेच थर्ड मेंबर लागतं, पण गाडी पुढे जाताना पुढचा क्राऊन दात्याच्या आत वळलेल्या (अंतर्गोल) बाजूवर चालतो. ती बाजू कमकुवत असते. त्यामुळे पुढच्या डिफरन्शियलमध्ये त्या बाजूचा छाप जास्त काटेकोरपणे बघा. मागच्या डिफरन्शियलवर हीच वेळ रिव्हर्समध्ये येते. चिखलातून किंवा चढावर रिव्हर्स घेताना जोराचा झटका देणं हा दाते उडवण्याचा हमखास मार्ग आहे. दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो एकच हवा. एका टोकाला 4.10 आणि दुसऱ्याला 4.88 ठेवून फोर-व्हील लावली तर ट्रान्सफर केस आणि शाफ्ट पिळून निघतात. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारी यंत्रणा) घालायचा बेत असेल तर तो याच वेळी घाला, पुन्हा तेच बेअरिंग आणि तीच मोजणी करावी लागणार नाही.

ऑईल जीएल-5 दर्जाचंच हवं, 80डब्ल्यू-90 चालेल. जीएल-4 नको, एकमेकांवर घसरत चालणाऱ्या हायपॉइड दात्यांची घसट त्याला सोसत नाही. ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी उंचावर न्या. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात गार होताना हवा आत ओढतो आणि तिच्यासोबत पाणीही.

पहिले 20-25 किलोमीटर सावकाश चालवून अ‍ॅक्सल पूर्ण गार होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. 800 किलोमीटरपर्यंत ओढकाम नको. नवे गिअर पहिल्या तापण्यात जळले की अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर येणारी हूंऽऽ कायमची राहते, मग शिम किती बदलल्या तरी जात नाही. 800 किलोमीटरला ऑईल काढा आणि ड्रेन प्लगचा चुंबक पुसून बघा. राखाडी लेप ठीक आहे. बोटाला टोचणारे कण लागले तर थर्ड मेंबर उतरवून पुन्हा छाप घ्या.