रेडिओलहरी मोजणारा हातमापक: लातूरमध्ये सहा आठवडे वापरल्यानंतर

माझी मुलगी अकरावीला आहे. तिच्या शिकवणीच्या नोट्स, सराव परीक्षा आणि शंकानिरसन हे सारे मोबाइलवरच येत असल्यामुळे तो बाजूला ठेव असे मी तिला सांगू शकत नाही. ती ज्या अभ्यासिकेत बसते तिच्या समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे, आणि त्याच्या धास्तीने काही पालक अभ्यासिका बदलण्याच्या विचारात होते. आधी मोजून पाहावे, या हेतूने मी हा हातमापक ऑनलाइन मागवला.

टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडे मोठे असे हे यंत्र तिन्ही दिशांनी येणाऱ्या लहरी एकत्र मोजते, त्यामुळे ते कसेही धरले तरी आकडा फारसा बदलत नाही. एकाच दिशेने मोजणारी स्वस्त यंत्रे मिळतात, पण ती हातात फिरवत राहावी लागतात. मोबाइल, वायफाय आणि ब्लूटूथ यांच्या लहरी याच्या टप्प्यात येतात. पडदा उन्हातही वाचता येतो. बॅटरी मात्र लवकर उतरते.

अभ्यासिकेत टॉवरकडून येणाऱ्या लहरींचा आकडा दिवसभर साधारण स्थिर आणि लहान राहिला. मुलीने त्याच खोलीतून घरी फोन लावला तेव्हा एका फुटावर धरलेल्या मापकाने त्याच्या कितीतरी पट आकडा दाखवला, आणि मी चार पावले मागे सरकताच तो कोसळला. स्वित्झर्लंडमध्ये किशोरवयीन मुलांनी असेच मापक अंगावर बाळगून केलेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही लहरींशी आलेल्या एकूण संपर्कापैकी सुमारे दोन तृतीयांश वाटा मोबाइलच्या स्वतःच्या प्रक्षेपणाचा, सुमारे एक पंचमांश टॉवरचा आणि वायफायचा अगदी थोडा निघाला होता. ज्या टॉवरकडे आपण बोट दाखवतो त्याच्यापेक्षा मुलांच्या हातातला फोन महत्त्वाचा आहे, ही गोष्ट मला या यंत्रामुळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आली.

त्याहून मोलाची नोंद औसा तालुक्यातल्या आमच्या गावी मिळाली. तिथे माझ्या आईचे जुने माळवदाचे घर आहे, भिंती दोन हात जाड, आणि आतल्या खोलीत रेंजची एखादीच काडी दिसते. त्या खोलीतून फोन लावला की मापकाचा आकडा अंगणातल्या फोनपेक्षा बराच वर जातो, कारण टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली शक्ती वाढवतो. मुलगी सुट्टीत तिथेच आडवी होऊन, फोन कानाला लावून मैत्रिणींशी तासन्‌तास बोलत असे; आता ती अंगणात येते किंवा वायरचे हेडफोन लावते. फोनवर जाड धातूचे कव्हर असेल तरी हेच घडू शकते, आणि बाजारात मिळणारी रेडिएशन अडवणारी आवरणे फोनला जास्त शक्ती वापरायला लावू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनेही दिलेला आहे.

या यंत्राचा एक दोष मात्र मला गंभीर वाटतो. दर चौरस मीटरला 10 मिलिवॉटच्या पुढे गेले की त्यावरचा लाल दिवा लागतो आणि ते ओरडू लागते. भारताने 2012 साली टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली, तेव्हा ती 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला 450 आणि 1800 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी 900 मिलिवॉट ठरली होती. तिच्याशी या लाल दिव्याचा काही संबंध नाही आणि माहितीपत्रकातही तसे सांगितलेले नाही. पहिल्या संध्याकाळी वायफायच्या राउटरजवळ दिवा लाल होताच मुलगी खरोखर घाबरली. राउटर क्षणभर लहरी सोडतो आणि थांबतो. क्षणाचा कमाल आकडा मोठा असला तरी सहा मिनिटांची सरासरी अगदीच लहान भरली. त्यामुळे घेणाऱ्याने सरासरीचे बटण आधी शिकून घ्यावे आणि आवाज बंद ठेवावा.

मापक जे सांगू शकत नाही तेही सांगितले पाहिजे. फोन कानाला टेकलेला असताना डोक्यात किती ऊर्जा शोषली जाते हे तो मोजत नाही, आणि काही सेंटिमीटरच्या आतले त्याचे आकडे तुलनेपुरतेच धरावेत. त्या शोषणाची भारतातली मर्यादा 1 ग्रॅम ऊतीमागे सरासरी 1.6 वॉट प्रति किलो अशी आहे आणि आपल्या फोनचा आकडा *#07# दाबून पाहता येतो. तो फोनच्या कमाल शक्तीवर काढलेला असल्याने रोजच्या वापरात प्रत्यक्ष शोषण बहुधा त्याहून कमी असते. धोका आहे की नाही, याचा निकालही हे यंत्र देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, तर संघटनेनेच करवून घेतलेल्या 2024 च्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांच्यात संबंध आढळला नाही.

एका घरासाठी हा मापक विकत घ्यावा असे मी म्हणणार नाही. पाच-सहा पालकांनी मिळून घ्यावा, किंवा शाळेने विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी घ्यावा. आमचा मापक सध्या अभ्यासिकेच्या कपाटात आहे, आणि तो नेणाऱ्या प्रत्येक पालकाला मी सरासरीचे बटण कुठे आहे ते आधी दाखवतो.