असेम्बल विथ केअर: सात महिने खेळून झाल्यावर

गेल्या दिवाळीत पुतणी पुण्याहून आली होती. दुकानातल्या लॅपटॉपवर तिनं एक खेळ टाकून दिला. "काका, यात फक्त वस्तू खोलायच्या आणि परत जोडायच्या. तुमच्यासाठीच बनवलाय असं समजा." माझं जळगाव जिल्ह्यात चोपड्याला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. आधी आमच्या घरातले वडीलधारे नाना बसायचे, आता मी बसतो. दिवसभर पाने आणि स्क्रूड्रायव्हर हातात असतात, रात्री परत तेच स्क्रीनवर कशाला करायचं, म्हणून पंधरा दिवस मी तो उघडलाही नाही. आज सात महिने झाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत चार वेळा खेळून झालाय आणि पाचव्यांदा सुरू आहे. या खेळाबद्दल मराठीत कुठं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितोय.

खेळाचं नाव असेम्बल विथ केअर. मॉन्युमेंट व्हॅली नावाचा खेळ २०१४ मध्ये फार गाजला होता, तो ज्यांनी केला त्याच लंडनच्या अस टू गेम्स कंपनीचा हा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲपल आर्केड ही ॲपलची वर्गणी भरून खेळ खेळायची सेवा सुरू झाली तेव्हाच तो आयफोन आणि आयपॅडवर आला, आणि मार्च २०२० मध्ये कॉम्प्युटरसाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात. माझ्या अँड्रॉइड फोनवर तो मिळाला नाही, त्यामुळे माझा सगळा अनुभव लॅपटॉप आणि माऊसचा आहे. लॅपटॉप जुना आहे, बिलं करायला घेतलेला. त्यावर खेळ एकदाही अडकला नाही.

मारिया नावाची एक बाई गावोगाव फिरून जुन्या वस्तू दुरुस्त करते. ती बेलारिव्हा नावाच्या उन्हाच्या, निवांत गावात येते. काळ कॅसेटचा आहे. गावातली माणसं तिच्याकडं वस्तू आणतात: कॅसेट प्लेअर, कॅमेरा, मनगटी घड्याळ, टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम. वस्तू टेबलावर येते. तुम्ही ती फिरवून बघता, स्क्रू काढता, झाकण उचलता, आतले भाग एकेक करून बाजूला मांडता, मोडलेला भाग बदलता आणि सगळं परत बसवता. वेळेचं बंधन नाही, गुण नाहीत, हरणं नाही. मधेमधे हातानं रंगवल्यासारखी चित्रं येतात आणि मारियाच्या आवाजात गोष्ट पुढं जाते.

आवाज इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी बिलापुरतं, पण बोललेलं सगळं स्क्रीनवर लिहूनही येतं, त्यामुळे दोनदा वाचून समजलं. मराठी किंवा हिंदी असती तर मला नानांना गोष्ट सांगत बसावं लागलं नसतं. ही उणीव मला खरोखर जाणवते, कारण आमच्या भागात ज्या माणसांना हा खेळ सगळ्यात जास्त आवडेल, त्यांच्यापर्यंत तो या एका कारणानं पोचणार नाही.

आता मुद्द्याचं. हा खेळ करणाऱ्यांनी हातानं वस्तू खोललेल्या आहेत, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर धरला की तो फिरत फिरत वर येतो, आणि पूर्ण सुटतो त्या क्षणी बोटांना जो हलकेपणा जाणवतो तो इथं आवाजातून दिलाय. भाग नीट जागेवर बसला की बारीक 'टक्' होतं. बेअरिंग शाफ्टवर शेवटच्या ठोक्याला बसतं तेव्हा हातोड्याचा आवाज बदलतो, त्यावरून मिस्त्रीला कळतं की बसलं. तसंच हे.

आणि क्रम. आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण हेच आहे. मोटार खोलताना जे शेवटी निघालं ते बसवताना आधी जाणार. जुनी वाइंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, कापायच्या आधी नाना वहीत लिहायचे: खाचा किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज कोणता, पिच किती, कॉइलींची जोडणी स्टार पद्धतीची की डेल्टा. एकदा कापून काढली की परत बघायला काही उरत नाही. त्या वह्या अजून दुकानात आहेत आणि मी अजून त्यातून आकडे काढतो. खेळात वही नाही, पण टेबल आहे. काढलेला भाग तुम्ही जिथं ठेवाल तिथंच राहतो. पहिल्या वेळी घाईत वरचं झाकण आधी लावलं आणि आतला एक भाग टेबलावर तसाच पडलेला दिसला. परत स्क्रू काढले. कुणी रागावलं नाही, लाल अक्षरात चूक झाली असंही आलं नाही. फक्त तो भाग तिथं पडून होता. शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली.

याचा दुकानात झालेला उपयोग सांगतो. माझ्याकडं एक पोरगा काम शिकायला येतो. हुशार आहे, हात चांगला आहे, पण खोललेले नट, वॉशर, बुश सगळं एकाच घमेल्यात टाकायचा आणि जोडताना अर्धा तास शोधत बसायचा. शंभरदा सांगून झालं होतं. जानेवारीत दुपारी लाईट नसताना त्याला हा खेळ दिला. लॅपटॉपची बॅटरी तासभर चालते, तेवढ्यात त्यानं दोन वस्तू जोडल्या. चारेक दिवसांनी बघतो तर यानं जुना पेपर पसरून मोनोब्लॉकचे, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र असलेल्या पंपाचे, भाग निघाले त्या क्रमानं डावीकडून उजवीकडं मांडलेले. मी काही बोललो नाही. आता रोज तसंच करतो.

पण खेळात जे नाही तेही सांगायला हवं, आणि माझ्या मते ती मोठी गोष्ट आहे. यात बिघाड शोधावा लागत नाही. वस्तू उघडली की मोडलेला भाग समोर दिसतो, तडा गेलेला किंवा तुटलेला, आणि त्याच्या जागी बसवायचा नवा भाग टेबलावर तयार असतो. आमच्याकडं मोटार येते तेव्हा शेतकरी एवढंच सांगतो की जळाली. का जळाली हे मोटारच सांगते, फक्त तिला विचारता आलं पाहिजे. स्टार जोडणीच्या मोटारीत तीनपैकी दोन फेजच्या कॉइली काळ्या पडलेल्या आणि तिसरीची तार चकचकीत दिसली, तर एक फेज गेली होती आणि मोटार उरलेल्या दोनवर कण्हत चालली होती. मग नुसती वाइंडिंग भरून उपयोग नाही, स्टार्टर आणि फ्यूज बघा, नाहीतर आठ दिवसांत तीच मोटार परत येईल. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर व्होल्टेज पडलं होतं किंवा पंपावर भार जास्त आला होता. गाळ भरला असेल, बेअरिंग धरलं असेल. मेगर हे मीटर लावून इन्सुलेशन बघायचं, शाफ्ट हातानं फिरवून बघायचा, वास घ्यायचा. दुरुस्तीतला निम्मा आनंद मला या शोधण्यात वाटतो.

नानांनीही तेच पकडलं. माघातल्या एका संध्याकाळी ते मागं येऊन उभे राहिले. आधी अहिराणीत म्हणाले, "हाई खेळ शे का काम शे?" मग खुर्ची ओढून बसले. कॅमेरा पूर्ण जुळेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. जुळल्यावर विचारलं, "बिघाड कोनी शोधा?" म्हणजे बिघाड कुणी शोधला? माझ्याकडं उत्तर नव्हतं. हा खेळ करणाऱ्यांनी कधी दुसरा भाग काढला तर त्यांनी एवढी एक गोष्ट घालावी: वस्तू वरून धडधाकट दिसावी, चालू मात्र होऊ नये, आणि का ते आपण शोधावं. तरी नाना त्यानंतर बऱ्याचदा बसले. त्यांची नजर आता कमी झालीय, सबमर्सिबलची, म्हणजे पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीची, पीव्हीसी चढवलेली तार खाचेतून एकेक वेढा ओढून भरायचं काम त्यांना जमत नाही. खेळातला भाग मोठा दिसतो आणि निसटून जमिनीवर पडत नाही. माऊस मी धरतो, कुठं काय लावायचं ते नाना सांगतात. एकदाही चुकले नाहीत.

गोष्टीकडं येतो. बेलारिव्हात दोन बहिणी आहेत, कारमेन आणि हेलेना. त्यांचं पटत नाही. जोसेफ म्हणून बाप आहे आणि इझी ही त्याची लेक, त्यांच्यातही अंतर पडलंय. मारिया वस्तू जोडत जाते तसतशी ती या घरांत ओढली जाते, आणि तिचं स्वतःचं गाव सोडून फिरत राहणं हा शेवटी खरा प्रश्न बनतो. शेवट सांगत नाही. काहींना ही गोष्ट फार सोपी वाटेल. पहिल्या वेळी मलाही वाटली.

मग मार्चमध्ये एक मोटार आली. पाच हॉर्सपॉवरची सबमर्सिबल, दोन सख्ख्या भावांच्या सामाईक विहिरीवरची. दोघांचे बांध लागून, दोघांची केळी, पाण्याची पाळी ठरलेली. केळी निसवायला आलेली आणि ऊन चढायला लागलेलं, अशा वेळी आमच्याकडं माणसं मोटार जोडून होईपर्यंत दुकानाच्या पायरीवरून हलत नाहीत. ही मोटार दीड दिवसात झाली. घ्यायला कुणी आलं नाही. मोठ्याला फोन केला, तो म्हणाला जळाली तेव्हा धाकट्याची पाळी होती. धाकटा म्हणाला स्टार्टर मोठ्यानं बदलू दिला नाही. चार दिवस गेले. एरवी मी असल्यात पडत नाही. या वेळी बिलाचे दोन सारखे तुकडे केले, मोटार टेम्पोत घातली आणि विहिरीवर जाऊन सोडून आलो. दोघांनी आपापला निम्मा दिला. बोलणं त्यांचं आजही नाही, पण पाणी पाळीनं चालू आहे आणि नवा स्टार्टर बसला.

खेळात वस्तू जुळली की माणसं जवळ येतात, आणि ते जरा लवकर येतात. इथं तसं होत नाही. पण बहिणींची गोष्ट त्यानंतर पुन्हा खेळलो तेव्हा मला ती सोपी वाटली नाही. मारियाही भांडण सोडवत नाही. ती वस्तू चालू करून देते, आणि ती द्यायला-घ्यायला माणसांना एकमेकांसमोर यावं लागतं. हे बघून-समजून लिहिलंय.

आणखी एक गोष्ट मनात राहिली. खेळातली प्रत्येक वस्तू स्क्रूवर उभी आहे. उघडते. आता दुकानात लोक मोबाईल, इअरफोन घेऊन येतात, "बघा ना भाऊ" म्हणतात. मी उलटसुलट करून बघतो, कुठं स्क्रूच दिसत नाही, सगळं चिकटवलेलं. उघडायचं तर तोडावं लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारनं राइट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करायच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, त्यात मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या यांच्या बरोबरीनं शेतीची अवजारंही धरली आहेत. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती द्यावी असा त्याचा हेतू. तो सगळ्या कंपन्यांनी मनावर घ्यावा असं मला फार वाटतं. पंपाचं आमचं बरं आहे, अजून नट फिरवला की उघडतो. आमच्या पोराच्या वयाच्या मुलांनी निदान या खेळात तरी वस्तूचं पोट उघडून बघावं.

विकत घ्यायचा का? खेळ छोटा आहे. मला पहिल्या वेळी अडीच तास लागले, कारण मी वाचत होतो आणि प्रत्येक भाग फिरवून बघत होतो. चौथ्या वेळी तासाभराच्या वर थोडं. पुतणी सांगते की बरेच लोक लांबीवरून नाराज होतात. पूर्ण किंमत देऊन एका रात्रीत संपवणार असाल तर तुम्हीही व्हाल. स्टीमवर सूट लागते तेव्हा घ्या. कोडी म्हणून अवघड काही हवं असेल तर हा तुमच्यासाठी नाही, डोकं खाजवायला लावेल अशी जागा मला दोन-तीनदाच आली. पण आठवड्याला एक वस्तू, रात्री जेवण झाल्यावर, अशा बेतानं खेळलात तर महिने पुरतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला होता, दिवसाला चार-पाच जळालेल्या मोटारी यायच्या, हाताला तांब्याच्या तारेचे चरे पडायचे. त्या दिवसांत कुलरसमोर बसून मी आणि नाना एकच घड्याळ जोडायचो आणि झोपायचो. दिवसभराच्या कामात गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. इथं कुणी उभं नसतं, तेच काम शांतपणे करता येतं. मला त्याचा खरा आराम मिळाला.

लहान मुलांना बिनधास्त द्या. मारामारी नाही, जाहिराती नाहीत, एकदा डाउनलोड झाल्यावर माझ्याकडं नेट नसतानाही चालला. वाचता न येणारं मूल असेल तर शेजारी बसून गोष्ट सांगा.

मागच्या आठवड्यात पुतणी सुट्टीला आली. लॅपटॉपची डिस्क भरली होती, बिलाचं सॉफ्टवेअर अपडेट होत नव्हतं. "काका, हा खेळ काढू का आता, चारदा झालाय ना?" मी काही म्हणायच्या आत आतून नानांचा आवाज आला. शेवटी तिनं २०१८ पासूनची जुनी बिलं पेनड्राइव्हवर हलवली आणि जागा केली.