पहिली सोनोग्राफी सातव्या आठवड्यात की बाराव्या?

पाळी चुकल्यावर लगेच सोनोग्राफी करावी की तिसरा महिना भरत येईपर्यंत थांबावे, हा निर्णय घेताना केज, गेवराई किंवा औसा तालुक्यातल्या कुटुंबाला तपासणीच्या शुल्काबरोबर जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडणारा रोजही धरावा लागतो. दोन्ही परवडत असतील तर दोन्ही कराव्यात. एकच शक्य असेल तर माझा कौल, काही अपवाद सोडून, बाराव्या आठवड्याला आहे.

सहा ते आठ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे की नळीत, ठोके सुरू झाले आहेत का आणि गर्भ एक आहे की जुळे, हे कळते. पुढे बीपी वाढेल का किंवा बाळाची वाढ खुंटेल का, याविषयी ती फारसे सांगत नाही. मात्र पोटात दुखत असेल, रक्त जात असेल, पूर्वी गर्भ नळीत राहिला असेल किंवा आधीचे सिझर असेल, तर थांबू नये. सिझरच्या व्रणात रुजलेला गर्भ याच काळात नेमका ओळखता येतो आणि तो निसटला तर पुढे वार पिशवीच्या भिंतीत खोल शिरून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो.

११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातल्या तपासणीत बाळाच्या मानेमागील पाण्याची जाडी मोजतात, काही मोठी व्यंगे दिसतात आणि जुळ्यांची वार एकच आहे की वेगवेगळी, हेही स्पष्ट होते. प्रसूतीची तारीखही पाच-सात दिवसांच्या फरकाने ठरते, त्यामुळे केवळ तारखेसाठी आधी धावण्याची गरज नाही. पण या तपासणीचे खरे मोल पिशवीच्या रक्तवाहिन्यांच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे त्यांतला रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत आहे. वार नीट रुजली नसेल तर या वाहिन्यांतला रोध जास्त राहतो, आणि त्यातूनच पुढे रक्तदाब, झटके व बाळाची खुंटलेली वाढ यांचा धोका संभवतो.

एकट्या डॉप्लरवर मात्र भिस्त ठेवू नये. आईचा पूर्वेतिहास, नीट मोजलेला रक्तदाब, डॉप्लर आणि पीएलजीएफ ही वारेतून येणारे प्रथिन मोजणारी रक्तचाचणी एकत्र केली, तर ३७ आठवड्यांआधी बाळंतपण करावे लागेल अशा रक्तदाबविकाराच्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आधी ओळखता येतात. त्यासाठी शंभरातल्या साधारण दहा जणींना उगाच धोक्याच्या यादीत बसावे लागते. हा सौदा मला मान्य आहे, कारण धोका कळल्यावर करण्यासारखे काही हाती आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्री चाचणीत जोखमीच्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधीच्या या रक्तदाबविकाराचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. गोळी सोळाव्या आठवड्याआधी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू व्हावी लागते.

याउलट, बाराव्या आठवड्यात ‘वार खाली आहे’ असे लिहून आले तर घाबरू नये. पिशवी वाढते तशी ती बहुतेकींची वर सरकते. पिशवीच्या तोंडाची लांबी १८ ते २४ आठवड्यांत मोजणे अधिक उपयोगाचे, मधुमेह रक्ततपासणीतच कळतो आणि १८ ते २० आठवड्यांची व्यंगतपासणी तरीही करावीच लागते.

दर महिन्याच्या ९ तारखेची सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठी आहे, म्हणून तिच्या भरवशावर राहिल्यास ही वेळ टळू शकते. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय असो, छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो की खासगी केंद्र, निघण्यापूर्वी ‘पिशवीच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर होईल का’ एवढे विचारून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास कोयत्यावर जाणाऱ्या स्त्रीने तर ऊसतोडीला निघण्याआधीच ही तपासणी उरकावी, अहवाल माता-बाल कार्डासोबत जवळ ठेवावा आणि धोका निघालेला असेल तर कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात बीपी मोजत राहावे.