घोणसचे विष आणि अल्फाफोल्ड : आठ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यात पाषाणच्या बाजूला असलेल्या एका प्रयोगशाळेत मी पीएचडीचे काम करते आणि माझा विषय आहे घोणस सापाच्या विषातील प्रथिने. गेल्या जूनपासून या कामासाठी मी अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनाच्या सिक्वेन्सवरून (अमिनो आम्लांच्या क्रमावरून) त्याची त्रिमिती रचना वर्तवणारी संगणक प्रणाली, दोन प्रकारे वापरत आले आहे. आधीच काढून ठेवलेल्या रचनांचा मोफत संग्रह हा पहिला प्रकार, आणि आपण दिलेल्या सिक्वेन्सवरून नवी रचना काढून देणारा सर्व्हर हा दुसरा. जाहिरातवजा लेख पुष्कळ वाचले होते. इथे फक्त माझ्या टेबलावर काय घडले ते लिहिते.

मुळात याची गरज का पडली, ते आधी सांगायला हवे. प्रथिनाची त्रिमिती रचना प्रयोगाने काढायची तर स्फटिक तयार करावे लागतात किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ मिळवावी लागते, आणि त्यात महिने, कधी वर्षे जातात. १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी प्रोटीन डेटा बँकेत जमा केलेल्या अशा रचना दोन लाखांहून अधिक आहेत. अल्फाफोल्डच्या संग्रहात २०२२ च्या जुलैपासून वीस कोटींहून अधिक अंदाजित रचना आहेत. माझ्या यादीतील बहुतेक प्रथिने पहिल्या संग्रहात नव्हती, दुसऱ्यात होती. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा ज्या कामासाठी मिळाला, ते काम माझ्यापर्यंत पोचले ते असे.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात केली. फॉस्फोलायपेज ए-२ हे घोणसच्या विषातील एक प्रमुख प्रथिन आहे, सुमारे १२० अमिनो आम्लांचे. संग्रहातून त्याची रचना उतरवून कायमेराएक्स या रचना पाहण्याच्या प्रोग्राममध्ये उघडली, तर गडद निळ्या रंगातील सुबक गाठोड्याला पिवळ्या रंगाची एक दांडी चिकटलेली दिसली. हा प्रथिनाचा एखादा न अभ्यासलेला भाग असावा, अशा समजुतीने मी दोन दिवस त्या दांडीवर घालवले. प्रत्यक्षात ती होती सिग्नल पेप्टाइड, म्हणजे विषग्रंथीच्या पेशीतून प्रथिन बाहेर पडताना कापली जाणारी पहिली १६ अमिनो आम्ले. विषात ती नसतातच. संग्रहातील रचना जनुकावरून आलेल्या पूर्ण सिक्वेन्सची असते, कापलेल्या आणि तयार झालेल्या प्रथिनाची नव्हे, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. रंगांनी मात्र तेव्हाच इशारा दिला होता. प्रत्येक अमिनो आम्लाला मिळणारा पीएलडीडीटी हा विश्वासांक ९० च्या वर असेल तर गडद निळा, ७० ते ९० फिका निळा, ५० ते ७० पिवळा आणि त्याखाली नारिंगी, अशी ती पद्धत आहे. तेव्हापासून मी आकार नंतर पाहते, रंग आधी.

या साधनाने माझे सगळ्यात मोठे काम केले ते मेटॅलोप्रोटिनेज या विषातील प्रथिनांच्या दुसऱ्या गटात. ही प्रथिने लांबलचक असतात आणि एकामागोमाग एक अशा स्वतंत्र खंडांची बनलेली असतात. मला शेवटचे दोन खंड तेवढे ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार करून हवे होते. खंड नेमका कुठून सुरू होतो, हे मी दुसऱ्या सापाच्या नातेवाईक प्रथिनाशी सिक्वेन्स जुळवून ठरवले होते आणि सहा महिने तोच तुकडा तयार करत होते. डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लांच्या जोड्यांमधले दुवे) जुळू देणारी ई. कोलायची जात वापरली, तापमान १६ अंशांवर आणले, प्रेरक रसायनाचे प्रमाण कमी केले, तरी सेंट्रिफ्यूजनंतर सगळे प्रथिन पेलेटमध्ये, म्हणजे न विरघळता तळाच्या गाळात, आणि वरचा द्राव कोरडा ठणठणीत. जुलैमध्ये अल्फाफोल्डचा पीएई नकाशा नीट वाचायला शिकले. प्रथिनाचे कोणतेही दोन भाग परस्परांच्या तुलनेत कुठे असतील याची संभाव्य चूक तो अँगस्ट्रॉममध्ये दाखवतो, आणि एकसंध खंड त्यात गडद हिरव्या चौकोनासारखे उठून दिसतात. माझी सीमा चौकोनाच्या कडेवर नव्हती, आत होती. नऊ अमिनो आम्ले मी जास्त कापली होती आणि त्यांत एक सिस्टीन होते, ज्याची जोडी उरलेल्या तुकड्यात एकटीच पडली होती. नऊ आम्ले परत जोडून नवा प्लाझ्मिड (जिवाणूत जनुक नेणारे डीएनएचे कडे) केला आणि प्रथिने वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर वरच्या द्रावाच्या पट्टीत पहिल्यांदा जाड बँड दिसला. सगळे प्रथिन विरघळले असे नाही, निम्म्याहून थोडे कमीच. पण शुद्धीकरणाला ते पुरले.

यानंतर माझा विश्वास प्रमाणाबाहेर वाढला, हे मान्य करते. बाईंनी, म्हणजे माझ्या गाइडनी, तेव्हा सुचवलेली एक साधी तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. फॉस्फोलायपेज ए-२ ला काम करण्यासाठी कॅल्शियमचा आयन लागतो आणि तो ४९ व्या स्थानावरील अ‍ॅस्पार्टिक आम्लापाशी बसतो. सर्व्हरवर सिक्वेन्ससोबत कॅल्शियम जोडता येतो. मी जोडला आणि तो अगदी जागेवर बसला. बाई म्हणाल्या, "आता ४९ ला लायसिन घाल आणि पुन्हा चालव." काही सापांच्या विषात निसर्गतःच असे लायसिन असलेली प्रथिने आहेत आणि ती कॅल्शियम धरत नाहीत. मी सिक्वेन्समधले एक अक्षर, म्हणजे एक अमिनो आम्ल, बदलले. काही मिनिटांत उत्तर आले आणि कॅल्शियम पुन्हा तिथेच, धनभारित लायसिनच्या शेजारी, निवांत बसलेला. विश्वासांक किंचित उतरला होता, इतकेच. शिकताना पाहिलेल्या असंख्य नातेवाईक रचनांत त्या जागी कॅल्शियम होता, म्हणून इथेही असणार, असा अल्फाफोल्डचा हिशेब असावा. एका अक्षराने काय बिघडते हे या साधनाला विचारू नये, हा धडा मी त्या दिवशी घेतला. म्यूटेशनवर, म्हणजे अशा बदलांवर, काम करणाऱ्यांनी तो आधीच घ्यावा. बाईंनी त्याच वेळी प्रथिनाच्या कण्यातील कोन शक्य आहेत का ते दाखवणारा रामचंद्रन आलेखही काढायला लावला. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केलेली ती तपासणी माझ्या रचनेने सहज पार केली. कोन बरोबर असणे आणि रसायन बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दोन चित्रांत शेजारी शेजारी दिसत होते.

इतके कळूनही ऑगस्टमध्ये फसलेच. घोणसच्या प्रथिनाला चिकटेल असा प्रतिपिंडाचा छोटा तुकडा शोधताना सर्व्हरने एका जोडीला ०.७१ आयपीटीएम (जोडी कशी चिकटते याचा विश्वासांक) दिला. ०.८ च्या वर भरवशाचे, ०.६ च्या खाली बहुधा चुकीचे आणि मधले सगळे संदिग्ध, हे मला ठाऊक होते. तरी चित्र इतके पटण्याजोगे होते की मी जनुक कृत्रिमरीत्या बनवून मागवले. ते यायला तीन आठवडे, प्रथिन शुद्ध करायला महिना, आणि पुलडाउनमध्ये, म्हणजे दोन प्रथिने चिकटतात का या चाचणीत, काहीही नाही, तीनदा. मग जे आधी करायचे ते नंतर केले: वेगवेगळे सीड (सुरुवातीचे यादृच्छिक आकडे) देऊन तीच जोडी पाच वेळा चालवली. पाच वेळा तो तुकडा विषाच्या प्रथिनाच्या चार वेगळ्या बाजूंना जाऊन चिकटला. प्रतिपिंडांसाठी खूप सीड चालवावे लागतात, हे तिसऱ्या आवृत्तीच्या २०२४ च्या शोधनिबंधातच लिहिलेले आहे आणि तिथे आकडा हजारापर्यंत जातो. सर्व्हरवर दिवसाला ठरावीकच कामे टाकता येतात, तेव्हा हजार सीड हा माझ्यासारखीचा मार्ग नव्हे. बिल बाईंच्या प्रकल्पातून गेले. त्या काही बोलल्या नाहीत, त्याचेच अधिक वाईट वाटले.

अटींबद्दल थोडेसे. सर्व्हर व्यावसायिक कामासाठी वापरता येत नाही, त्यामुळे हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारी माझी मैत्रीण २०२४ अखेरीस मुक्त परवान्याखाली आलेले बोल्ट्झ-१ हे तशाच कामाचे साधन वापरते. संग्रहाला ही अडचण नाही. श्रेय देऊन तो कोणीही वापरू शकतो. संभाषण करणारी चॅटजीपीटीसारखी साधनेही मी वापरून पाहिली. रचनांमधील अंतरे मोजणाऱ्या छोट्या पायथन प्रोग्रामसाठी ती उत्तम. संदर्भ विचारले तेव्हा अस्तित्वात नसलेला शोधनिबंध मिळाला, म्हणून तो नाद सोडला.

भोरचे मामा दिवाळीत विचारत होते, "काय गं, संगणकानं सापावरचं औषध काढलं म्हणे, मग आमच्या दवाखान्यात अजून घोड्याचंच इंजेक्शन का?" त्यांनी ऐकलेली बातमी खरी होती. नवी प्रथिने रचणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर रचलेल्या प्रथिनांनी उंदरांना नागवर्गीय विषातील घातक प्रथिनांपासून वाचवल्याचे २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. पण ती घातक, थ्री-फिंगर जातीची प्रथिने नाग-मण्यारच्या विषात प्रबळ असतात, तर मामांच्या भाताच्या खाचरात निघणाऱ्या घोणसचा भर रक्त गोठण्याची घडी विसकटवणाऱ्या एन्झाइमांवर असतो, आणि ती संख्येने पुष्कळ व आकाराने मोठी असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून चालणारे घोड्याच्या रक्तातून केलेले प्रतिविष म्हणूनच अजून एकमेव उपाय आहे. मामांना मी एवढेच म्हटले, की चावल्यावर सरळ दवाखाना गाठायचा, वाटेत कुठे थांबायचे नाही.

सध्या मी अल्फाफोल्ड रोज उघडते ते तुकड्यांच्या सीमा ठरवायला, कोणते सिस्टीन कोणाच्या जोडीला आहे ते पाहायला आणि प्रथिनाचा कोणता भाग पृष्ठभागावर उघडा आहे ते तपासायला. या तीन कामांत त्याने माझे जवळपास वर्ष वाचवले असेल. कोण कोणाला चिकटते या प्रश्नासाठी किमान पाच सीड चालवते, पाचही उत्तरे एका जागी आली तरच जनुक मागवण्याचा विषय बाईंकडे काढते. नोव्हेंबरपासून अकरा जोड्या तपासल्या आहेत, त्यातल्या दोनच या चाळणीतून उतरल्या. पहिलीचे जनुक मागच्या आठवड्यात आले आहे.